एकोणपन्नासावं पान

युनेस्कोने १९६४ साली पुस्तकाची एक व्याख्या ठरवली. देशोदेशीची आकडेवारी जुळवताना घोळ होऊ नये म्हणून. मुखपृष्ठ-मलपृष्ठ सोडून निदान ४९ पानं असतील तर ते पुस्तक, आणि ५ ते ४८ पानं असतील तर ती पुस्तिका. आता छापखान्यातला हिशेब पानांत होत नाही, फर्म्यांत होतो. सोळा पानांचा एक फर्मा, तीन फर्म्यांची ४८ पानं. म्हणजे तीन फर्म्यांत नेमका बसलेला कवितासंग्रह पुस्तक होता होता एका पानाने राहतो.

माझा तसाच राहिला.

काही वर्षांपूर्वी मी ३१ कवितांची वही घेऊन एका प्रकाशकाकडे गेलो होतो. आठ-दहा ओळींच्या कविता, काही तर चारच ओळींच्या. त्यांनी वही ठेवून घेतली, पंधरा दिवसांनी बोलावलं आणि म्हणाले, "कविता चांगल्या आहेत हो, पण पुस्तक उभं राहत नाही." मला वाटलं, वाङ्मयीन अभिप्राय आहे. मी मान खाली घालून ऐकत होतो. थोड्या वेळाने कळलं की ते अगदी शब्दशः बोलत होते. इतक्या बारीक पुस्तकाच्या कण्यावर नाव छापायला जागा राहत नाही, मग कपाटात ते दिसत नाही. ग्रंथालयवाले पुस्तक हातात घेऊन आधी वजन बघतात. तेव्हा अजून वीस कविता द्या.

मी चार महिन्यांत सतरा लिहिल्या. वाईट नव्हत्या. पण त्या मला सुचल्या नव्हत्या, फर्म्याला सुचल्या होत्या. अठरावी लिहिताना माझंच मला हसू आलं, आणि मी वही परत आणली.

हे गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. त्या गृहस्थांचा धंद्याचा हिशेब चुकीचा नव्हता. सांगायचं ते वेगळंच आहे. हल्ली आपल्याकडे लहान प्रकाशनांच्या बारीक पुस्तकांबद्दल पुन्हा कुतूहल दिसतं. अल्पाक्षरी कविता, दीड-दोन पानांच्या कथा, पिन मारलेली चाळीस पानं. यामागचं कारण विचारलं की बहुतेक जण एकच उत्तर देतात: लोकांना वेळ नाही, मोबाईलने लक्ष टिकत नाही, म्हणून छोटं खपतं. मला हे उत्तर पटत नाही. ज्या माणसाचं लक्ष टिकत नाही म्हणतात तोच रात्री बसून एका मालिकेचे आठ भाग सलग बघतो. त्याला लांब चालतं, फक्त त्यात स्वतःला काही करावं लागू नये. आठ ओळींची कविता मात्र वीस सेकंदांत वाचून होत नाही. ती वाचून झाल्यावर सुरू होते. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी अल्पाक्षरी लेखन हे सगळ्यात गैरसोयीचं लेखन आहे.

लिहिणाऱ्यालाही ते स्वस्तात पडत नाही. एझरा पाउंड या अमेरिकन कवीने पॅरिसच्या भुयारी रेल्वेस्थानकात दिसलेल्या चेहऱ्यांवर आधी तीस ओळींची कविता लिहिली आणि फाडून टाकली. सहा महिन्यांनी तिच्या निम्मी लिहिली. त्यानंतर वर्षभराने दोन ओळी उरल्या. आपल्याकडचे वैयाकरण अर्धी मात्रा वाचली तरी मुलगा झाल्याचा आनंद मानतात, असं संस्कृतात म्हणूनच ठेवलं आहे. (मुलगीच का नाही, हा प्रश्न त्या वैयाकरणांना विचारायचा राहिला.)

आणि ही परदेशी टूम आहे असं म्हणणाऱ्यांना मी रिद्धपूरला घेऊन जाईन. नागपूरहून सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचता येतं. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव, जिथे आता मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहिलं आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, इथे गोळा केल्या. मराठी गद्याचा आरंभ बहुतेक जण तिथेच धरतात. तो आरंभ कसा आहे? तुकड्यांचा आहे. एकेक लीळा म्हणजे एकेक प्रसंग. काही पानभर, काही चार वाक्यांच्या, काही त्याहूनही लहान. स्वामी कुठे बसले होते, कोण आलं, काय विचारलं, काय उत्तर दिलं, संपलं. प्रसंगाचं तात्पर्य लोंबकळत नाही.

ही अल्पाक्षरता शैली म्हणून आलेली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हाइंभट स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून आठवणी ऐकत होते, त्या प्रसंगाला जे हजर होते त्यांना गाठून पडताळत होते. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर तोही नोंदवत होते. जो माणूस प्रत्येक वाक्याला साक्षीदार शोधतो, त्याच्या गद्यात विशेषणं उरत नाहीत. जे कुणी पाहिलं नाही ते लिहायचं नाही, एवढ्या एका शिस्तीने ते गद्य सडसडीत झालं. आजचा कथाकार साक्षीदार शोधत नाही, पण चांगला अल्पाक्षरी कथाकार स्वतःला तोच प्रश्न विचारतो: हे वाक्य मी पाहिलं का, की नुसतं सुचलं म्हणून लिहिलं?

घराघरांतल्या जात्याचंही तेच. ओवीची लांबी बाईच्या श्वासाने आणि जात्याच्या फेऱ्याने ठरली. कुणा संपादकाने नव्हे.

तेव्हा कमी शब्दांत लिहिणं ही आपल्याकडे नवलाई नाही. पण याचा अर्थ जे जे छोटं ते ते चांगलं, असा मुळीच नाही, आणि इथे मला व्हॉट्सॲपवरच्या 'अलक'बद्दल बोललं पाहिजे. अति लघु कथा, तिचं हे लाडकं नाव. रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांबरोबर दोन-तीन येतात. त्यांतल्या बहुतेकींची रचना एकच असते: चार ओळी काहीतरी सांगायचं आणि पाचव्या ओळीत वाचकाच्या पाठीत धपाटा घालायचा.

उदाहरण देतो, माझंच रचलेलं. एक बाई रोज दुपारी नागपूरच्या मोर भवन बसस्थानकावर उतरते. हातात दोन डबे. मेडिकलच्या दवाखान्याकडे जाणारी सिटी बस आली की चढते. कंडक्टर आता तिला कुठे जायचं विचारत नाही. आज ती चढली तेव्हा हातात एकच डबा होता. त्याने तिकीट फाडून दिलं.

मी इथे थांबेन. अलक लिहिणारा थांबणार नाही. तो लिहील: 'दुसऱ्या डब्याची आता गरज उरली नव्हती.' खाली दोन हात जोडलेले आणि एक रडका चेहरा. त्या एका वाढीव वाक्याने काय झालं? कंडक्टर कथेतून बाहेर पडला. तो एकच डबा कुणाचा, हा प्रश्न संपला. वॉर्डातलं माणूस सुधारून घरी गेलं असेल आणि बाई आता दुसऱ्याच कुणासाठी जात असेल, ही शक्यता मेली. कथा आकाराने छोटीच राहिली, पण तिच्यात वाचकाला बसायला जागा उरली नाही. चारोळीचंही पुष्कळदा हेच होतं. चार ओळींत एक टाळी लपवलेली असते आणि ती वाजली की कागद चुरगळून टाकता येतो.

कात्रीनेही अल्पाक्षरता येत नाही, हे अमेरिकेतल्या रेमंड कार्व्हरच्या गोष्टीवरून शिकावं. १९८१ साली आलेल्या ज्या कथासंग्रहाने त्याच्यावर मिनिमलिस्ट, म्हणजे कमीत कमी शब्दांत लिहिणारा, हा शिक्का बसला, त्यातल्या काही कथा गॉर्डन लिश या संपादकाने निम्म्याहून जास्त कापल्या होत्या. कार्व्हर त्यामुळे हवालदिल झाला होता, पुस्तक थांबवा म्हणून त्याने पत्र लिहिलं होतं. पुस्तक निघालं, गाजलं. पुढे त्याच्या मूळ कथाही छापून आल्या आणि कुठली चांगली यावर लोक अजून भांडतात. मला त्यात निकाल द्यायचा नाही. मला दिसतं ते एवढंच की ते पुस्तक मोठ्या प्रकाशनाचं होतं, आणि कुठे थांबायचं हे लिहिणाऱ्याने ठरवलं नव्हतं. माझ्याकडे वीस कविता वाढवून मागणारा आणि कार्व्हरची निम्मी कथा कापणारा, दोघंही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले आहेत.

लहान प्रकाशनाचं आकर्षण माझ्या लेखी इथे आहे. पानं कमी म्हणून नव्हे. लिखाण जिथे संपतं तिथे पुस्तक संपवायला तिथे कुणाची हरकत नसते, म्हणून. ज्याला तीनशेच प्रती काढायच्या आहेत, ज्याच्यामागे वितरकाचा तगादा नाही, तो कवीला अजून वीस कविता मागत नाही. अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्सची लाल हातगाडीवरची सोळा शब्दांची कविता आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. ती १९२३ साली ज्या पुस्तकात आली त्याच्या सुमारे तीनशे प्रती फ्रान्समध्ये छापल्या होत्या, पॅरिसमधल्या एका हौशी प्रकाशकाने. योगायोग असा की आपला विदर्भ साहित्य संघही १९२३चाच.

मराठीत हे सगळं झालेलं आहे. १९५५ साली मुंबईत काही पोरांनी 'शब्द' नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक काढलं. अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे त्यांत होते. पुढे साठच्या दशकात अशी अनियतकालिकं भराभर निघाली आणि तितक्याच भराभर बंद पडली. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ला काढला. पुढचे संग्रह यायला २००३ उजाडलं, आणि तेही प्रासनेच काढले. मधली सव्वीस वर्षं कुणी त्यांच्यामागे 'काहीतरी द्या' म्हणून लागलं नाही, किंवा लागलं असेल तर त्यांनी दिलं नाही. आणि गंमत बघा, २००३मध्ये आलेली 'भिजकी वही' चांगली जाडजूड आहे. लहान प्रकाशन म्हणजे लहान पुस्तक, हे समीकरण तिथेच मोडतं. कवीला तेवढी पानं लागली, त्याने तेवढी घेतली.

या मुद्द्यावर मला एकदा एका मित्राने चांगलंच पेचात पकडलं होतं. तो आंबेडकरी चळवळीतला, स्वतः लिहिणारा. म्हणाला, "ज्यांना हजारो वर्षं बोलूच दिलं नाही, त्यांना आता तू सांगणार का, कमी बोला म्हणून? हे कुठलं सौंदर्यशास्त्र आहे बे?" प्रश्न रास्त होता आणि मी त्या संध्याकाळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. नाही, सांगणार नाही. कोऱ्या पानाची नजाकत ही पुष्कळदा पोट भरलेल्यांची चैन असते, हे मला मान्य आहे. नामदेव ढसाळांची कविता ज्या वेगाने वाहते त्या वेगानेच वाहायला हवी होती, आणि तिला वाट मिळाली ती याच अनियतकालिकांच्या जगाशेजारून. मुक्तिबोध आपल्या नागपुरात राहिले, इथल्या आकाशवाणीत नोकरी केली, आणि हिंदीतल्या सगळ्यात लांबलचक, अस्वस्थ कवितांतल्या काही त्यांच्या नावावर आहेत. त्यांना 'आटोपतं घ्या' म्हणणारा मी कोण? माझा आग्रह आखूडपणाचा नाही. थांबायचं कुठे हे लिहिणाऱ्याच्या हाती असावं, एवढाच आहे.

पण माझ्या मित्राला मी उलटंही विचारू शकलो असतो: बारीक पुस्तक सगळ्यात जास्त कुठे खपतं? त्याच्याच अंगणात.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाऊन बघा. रहाटे कॉलनीकडून या नाहीतर लक्ष्मीनगरकडून, पुस्तकांच्या दुकानांमधूनच वाट काढावी लागते. प्रकाशकांची नावं मोठ्या दुकानात कधी ऐकू न येणारी. कुणी नोकरी सांभाळून दोन-चार पुस्तकं काढणारे, कुणी स्वतः लिहून स्वतः छापून स्वतःच सतरंजीवर मांडून बसलेले. पातळ पुस्तकं, पिनबांधणी, भडक निळं मुखपृष्ठ, दहा-वीस-पन्नास रुपये किंमत. मराठवाड्यातून, खानदेशातून, कुठून कुठून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं ती उचलून, चाळून, मागचं पान वाचून घेतात. एक म्हातारी बाई मी पाहिली, स्वतःला वाचता येत नव्हतं, नातवाला एकेक नाव वाचायला लावून चार पुस्तकं निवडली. मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही, हे रडगाणं ज्यांना गायचं आहे त्यांनी त्या दोन दिवसांत नागपुरात येऊ नये, चाल बिघडेल.

आणि त्या गर्दीत सगळ्यात जास्त हातांत असलेला मजकूर कुठला? १९५६च्या ऑक्टोबरात याच जागेवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा. बावीस वाक्यं. एका कागदावर मावतात. त्यांना साहित्य म्हणून मोजायचं नाही, ते त्यांचं काम नव्हे. पण छोट्या वाक्यात किती मोठा निर्धार बसतो हे शिकायला मला कुठल्या अमेरिकन कवीकडे जायची गरज पडली नाही, एवढं खरं.

आता आपल्या साहित्यिक सरकारदरबाराकडे बघा. आपल्या व्यवस्थेला अजून जाडीच कळते. एका पुरस्काराच्या नियमावलीत मी पानांची किमान अट स्वतः वाचली आहे, कवितेसाठी. कवितेला पानांची अट! संमेलनाच्या मंचावर तर अल्पाक्षरी कवीची फारच पंचाईत. वर्ध्याला २०२३च्या फेब्रुवारीत ९६वं संमेलन झालं, साहित्य संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने विदर्भात आलेलं. तिथेच असं नाही, कुठल्याही संमेलनातलं कविसंमेलन घ्या. पाच ओळी वाचून कवी खाली बसला की सूत्रसंचालक दचकतो, लोक एकमेकांकडे बघतात, अजून आहे की झाली? वन्स मोअर मिळतो तो ध्रुवपद असलेल्याला. अमेरिकेत ॲराम सरोयानने १९६५ साली एकाच शब्दाची कविता लिहिली होती. उजेडासाठी जो इंग्रजी शब्द आहे त्याच्या स्पेलिंगमधली दोन न उच्चारली जाणारी अक्षरं त्याने दोनदा लिहिली, बस्स. ती मोठ्याने वाचताच येत नाही, फक्त बघता येते. तिला सरकारी कलानिधीतून पाचशे डॉलर मिळाले आणि तिथल्या लोकप्रतिनिधींनी आकांडतांडव केलं, एका शब्दाचे पाचशे! मला ती कविता फार थोर वाटते असं नाही. पण शब्दागणिक भाव काढणाऱ्यांची भाषा मला लगेच ओळखू आली. आपल्याकडे हीच माणसं पानागणिक भाव काढतात.

सार्वजनिक पैशाचा प्रश्न खरा इथे आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. त्याखाली गावोगावची ग्रंथालयं अ, ब, क, ड वर्गांत अनुदान घेतात. त्या अनुदानातून पुस्तकं घेताना पिनबांधणीच्या पुस्तकाला पुस्तक समजा, त्याला कपाटात उभं राहायला एक पुठ्ठ्याची पेटी द्या, आणि पेटीवर प्रकाशनाचं नाव लिहा. एवढं केलं तरी तीन फर्म्यांचं पुस्तक वाचकाला दिसेल. पुरस्कारातली पानांची अट काढून टाकायला तर एक सहीही पुरते. टपालाचं बघा. छापील पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त सेवा टपाल खात्याने २०२४च्या डिसेंबरात बंद केली, तेव्हा लहान प्रकाशकांच्या पोटात गोळा आला. २०२५च्या मे महिन्यापासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. तीन फर्म्यांचं डेमी आकाराचं पुस्तक सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतं. वीस रुपयांत चार प्रती जातात. ज्या बारीकपणामुळे पुस्तक कपाटात उभं राहत नाही त्याच बारीकपणामुळे ते गडचिरोलीला स्वस्तात पोचतं. वजन हा इतका वाईट मापदंड नाही, फक्त काटा उलटा धरायला हवा.

किमतीबद्दल मात्र मी लहान प्रकाशकांच्या बाजूने डोळे मिटून उभा राहणार नाही. चाळीस पानांना दीडशे-दोनशे रुपये लावून वर 'मर्यादित प्रती' असा अभिमान मिरवणारी काही पुस्तकं मी धरमपेठेसारख्या सुखवस्तू वस्तीतल्या बैठकीच्या खोल्यांमध्ये पाहिली आहेत. जाड हातकागद, पानावर दोन ओळी, बाकी सगळा मोकळा प्रदेश. अशी पुस्तकं भेट द्यायला बरी. दीक्षाभूमीच्या सतरंजीवर ती कुणी उचलणार नाही, आणि न उचलणाऱ्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

माझ्या वहीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. नागपुरातल्या महाल भागात एक मुद्रक काका आहेत, खिळे जुळवण्यापासून संगणकापर्यंत सगळं हातांनी केलेले. त्यांनी मूळच्या ३१ कविता वाचल्या, दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली आणि म्हणाले, "कायले वाढवता भाऊ? हे दोनही नाही टाकले तरी चालते." दोन्ही ठिकाणी त्यांचं बरोबर होतं. २९ कविता, तीन फर्मे, पिन. २०० प्रती काढल्या. त्यांतली एक मी जवळच्या ग्रंथालयाला भेट दिली. ग्रंथपालबाईंनी उलटसुलट करून पाहिली, कण्यावर काहीच नाही म्हणून जरा अडखळल्या, आणि मग पुस्तिका-अहवालांच्या पेटीत, एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आणि सोळा सोमवारची कहाणी यांच्या मधे तिला ठेवलं. मी अधूनमधून जाऊन बघतो. मे-अखेरच्या कडक उन्हात, नवतपाच्या दिवसांत, गेलो तेव्हा कूलरच्या घरघरीत पेटी काढून पाहिली. अहवाल होता, कहाणी होती, ती नव्हती. रजिस्टरमध्ये नेल्याची नोंद नाही.